कोपरा मोजायचा नाही

१

दर रविवारी दुपारी चार वाजता धाकटी कॉम्प्युटरसमोर बसायची, फोन स्पीकरवर टाकायची आणि म्हणायची, "हं, सांग." धाकटी म्हणजे वय वर्षं बावन्न, केस निम्मे पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पण घरात एकदा धाकटी ठरलेलं माणूस शेवटपर्यंत धाकटीच राहतं, त्याला इलाज नाही. फोनच्या पलीकडे, दुसऱ्या शहरात, तिची ताई. ताईच्या कमरेचं ऑपरेशन बिघडलं आणि ती पलंगाला खिळली. वेळ जावा म्हणून कुणीतरी तिला मोबाईलवर ठोकळ्यांचा एक खेळ शिकवला आणि तिनं तो लगोलग धाकटीच्या गळ्यात मारला.

या खेळात जिंकणं-हरणं काही नसतं. मोकळं माळरान मिळतं, डोंगर मिळतात, पाणी मिळतं, आणि दगड-माती-लाकडाचे हवे तेवढे चौकोनी ठोकळे. बांधा काय बांधायचं ते. दोघींनी ठरवलं, आपलं लहानपणचं घर बांधायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि त्यांना जोडणारा लांबलचक पॅसेज. धाकटी अजून त्याच घरात एकटी राहत होती, त्यामुळे मापासाठी कुठे जायला नको होतं. जमिनीवरची एक फरशी म्हणजे खेळातला एक ठोकळा, असा हिशेब.

अडचण एकच होती. ताईकडे खेळाची मोबाईलची एडिशन, धाकटीकडे कॉम्प्युटरची, आणि एकीतलं जग दुसरीत उघडत नाही. बहिणीच्या घरात बहिणीला पाऊल टाकायची सोय नाही. मग दोघींनी आपापल्याकडे एकेक घर बांधायला घेतलं आणि ती फोनवरून जुळवायला सुरुवात केली. एका रविवारी एकीनं काहीतरी बांधायचं आणि "डावीकडून चौथा, वरून दुसरा" असं सांगायचं. दुसरीनं आपल्याकडे तसंच लावायचं. जुळलं की पाळी दुसरीकडे गेली. जुळवलं नाही तर पाळी जागची हलत नाही. याला त्या जुळवणी म्हणायच्या आणि दोन वर्षांत त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

आता धाकटीचा धंदाच चुका काढण्याचा. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका संस्थेत ती मुद्रितशोधक होती. जुनी आवृत्ती डाव्या हाताला, नवी उजव्या हाताला, मधे लाल पेन. तेवीस वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून ओळीला ओळ ताडून पाहिली होती. तेव्हा सहा महिन्यांनी ताईनं आपल्या घराचे फोटो पाठवले, त्यावर धाकटीचं काय झालं असेल याची कल्पना करा. ताईची प्रत्येक भिंत एका ठोकळ्यानं लांब! सात फरश्यांचा पॅसेज ताईकडे आठ ठोकळ्यांचा.

"अगं, कोपऱ्यापासून मोज ना," धाकटी फोनवर ओरडली. "तू कोपरा सोडून पुढे एक म्हणतेस."

"मग? कोपरा मोजायचा नाही," ताई म्हणाली. "कोपरा काय घरात असतो? तो बिचारा नुसता दोन भिंती धरून उभा असतो."

यावर कुणीही हात टेकले असते. धाकटीनं रीतसर शुद्धिपत्रक टाईप केलं. एकूण तेवीस चुका, क्रमांक घालून, समोर दुरुस्ती. आणि ते पोस्टानं पाठवलं. ताईचा लगेच फोन आला. हसून हसून तिला खोकला लागला होता. "ही माझी आवृत्ती आहे," ती म्हणाली. "तुझी तुझ्यापाशी ठेव."

२

ताई गेली त्याला अकरा महिने झाले. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, तिचा मोबाईल आणून दिला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तूच ठेव," म्हणाले. धाकटीनं तो टेबलाच्या खणात टाकला आणि त्या खणाकडे बघायचं बंद केलं.

पण सवय फार वाईट. एका रविवारी चार वाजता तिचा हात आपोआप कॉम्प्युटरवर गेला. घर होतं तसं होतं. शेवटची पाळी ताईची झाली होती, ताईनं सांगितलेली मांडणी धाकटीनं जुळवली होती. म्हणजे आता पाळी धाकटीची. पॅसेज अंधारा म्हणून त्याला खिडकी पाडा, असं म्हणत दोघी लहानपणी बाबांच्या खनपटीला बसायच्या. बाबांनी कधी मनावर घेतलं नाही. धाकटीनं पॅसेजच्या बाहेरच्या भिंतीतला एक ठोकळा काढला आणि तिथे काच बसवली.

"डावीकडून चौथा, वरून दुसरा," ती मोठ्यानं म्हणाली. मग रिकाम्या खोलीत आपण बोललो याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर ती थोडी रडलीही.

पुढच्या रविवारी तिनं खण उघडला. मोबाईल चार्जिंगला लावला, खेळ सुरू केला. ताईचं घर उघडलं. पडद्यावर पॅसेजची सुरुवात दिसली, ताई नेहमी थांबायची तीच जागा. बाहेरच्या भिंतीत चौकोनी काच होती आणि तिच्यातून दुपारचं ऊन आत आलं होतं.

धाकटीनं फोन उपडा ठेवला. चहा केला. चहा घेतला. कप विसळून जागेवर ठेवला. मग फोन परत सुलटा केला. खिडकी तिथेच होती. तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी आनंदच झाला, आणि तो लपवायला घरात कुणी नव्हतं. फक्त त्या खिडकीत काहीतरी खटकत होतं. लाल पेन हातात असताना एखादी ओळ डोळ्यांना टोचते आणि काय चुकलंय ते सापडत नाही, तसं.

३

खाली रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणारी बाई सिमकार्ड काढायची पिन कायम कानामागे खोचून ठेवायची, म्हणून सगळी गल्ली तिला पिन म्हणायची. सोमवारी ऑफिसला जाताना धाकटी तिच्यापुढे फोन ठेवून उभी राहिली.

"एका घरात केलेला बदल दुसऱ्या घरात आपोआप जातो का गं?"

पिननं फोन उलटासुलटा केला. "काकू, आधी नीट समजून घ्या. एडिशन वेगळी आणि व्हर्जन वेगळं. एडिशन म्हणजे घराणं आणि व्हर्जन म्हणजे वय. घराणी दोन, एक कॉम्प्युटरचं, एक मोबाईलचं. दिसायला सख्खी भावंडं, पण बोली निराळी. एकातलं जग दुसऱ्यात न्यायचं तर मुद्दाम बसून बदलून घ्यावं लागतं, आणि त्यात थोडंफार मोडतंच. व्हर्जन म्हणजे आकडा. दर अपडेटला वाढतो. जुनं जग एकदा नव्या व्हर्जनमध्ये उघडलं की झालं, परत जुन्यात जात नाही. म्हणून अपडेट मारायचं नाही."

"मारलेलं नाहीये."

"दिसतंय. आणि मारणार तरी कशावर? ह्यात सिम नाही, वाय-फाय जोडलेलं नाही. हे जगसुद्धा एकटीचं आहे बघा. ह्यात दुसरं माणूस येऊच शकत नाही." पिननं मान वर केली. "का, काय झालं?"

"काही नाही. विसरले असेन," धाकटी म्हणाली. आपणच कधीतरी रडण्याच्या भरात फोन काढला, खिडकी लावली आणि विसरलो. बावन्नाव्या वर्षी माणसं चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतात. एवढं कारण तिला पुरलं असतं. पण ती चुका शोधणारी बाई होती. नुसत्या अंदाजावर तिचं समाधान होईना.

"एक काम कर," ती म्हणाली. "हा बंद करून तुझ्या कपाटात ठेव, कुलपात. रविवारी नेईन."

४

रविवारी पावणेचारला पिननं तिच्यादेखत कुलूप काढलं. फोन बंद होता, धूळ बसायला लागली होती. धाकटी जिना चढून घरी आली, दार लावलं आणि पॅसेजमध्येच उभं राहून तो सुरू केला.

पाळी ताईची होती. आणि पॅसेजच्या बाहेरच्या भिंतीत, खिडकीच्या पलीकडे, एक दार बसवलेलं होतं. लाकडी, बंद. जुळवायचं म्हणून धाकटीनं सवयीनं ठोकळे मोजले. सहावा. मग तिनं तोच पॅसेज शेवटपर्यंत मोजला. सात.

तिनं पुन्हा मोजला. सात.

मागच्या रविवारी काय खटकलं ते आता कळलं. खिडकी चौथ्या ठोकळ्यात होती, आणि ताईकडे ती पाचव्यात यायला हवी होती. ताईला "चौथा" सांगितलं की पाचव्यात लागायचं, दोन वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. धाकटीनं घाईघाईनं खोल्या मोजल्या. बाहेरची खोली बरोबर, आतली बरोबर, ओटा बरोबर. सगळं अगदी शुद्धिपत्रकात लिहिल्याप्रमाणे.

शुद्धिपत्रक! ते ताईनं फोनच्या कव्हरमध्येच घडी करून ठेवलं होतं. कव्हरच्या कडेतून ते नेहमी डोकावायचं, पण उघडून बघायचा धीर धाकटीला झाला नव्हता. आता तिनं ते काढलं. तेवीस क्रमांक, तेवीस दुरुस्त्या. फोन एका हातात आणि कागद दुसऱ्या हातात धरून ती ताडत गेली. पहिल्या क्रमांकापासून सतराव्यापर्यंत सगळ्या दुरुस्त्या झाल्या होत्या, ओळीनं, एकही न गाळता. अठरावी चूक, न्हाणीघराची लांब भिंत, अजून शिल्लक होती. तिच्यापुढच्याही होत्या. ताईच्या हातचं एवढंच उरलं होतं.

कागदाच्या तळाशी पेन्सिलीनं, पलंगावर पडून लिहिल्यासारखं तिरकं, लिहिलेलं होतं: "वाचलं. दुरुस्ती करणार नाही."

धाकटी पॅसेजमध्ये खाली बसली. तिला आता खरोखरची भीती वाटली, आणि भीतीच्या पाठोपाठ असा संताप आला की कानशिलं तापली. माझा कागद घेऊन कोण माझ्या बहिणीच्या घरात शिरलं?

बसल्याजागी तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. खरोखरच्या. चौथ्या फरशीच्या वर, डोक्याच्या उंचीला, रंगाचा एक चौकोन फिकट पडला होता. आणि सहाव्या फरशीपाशी जमिनीपासून निघून पुरुषभर उंच गेलेली एक बारीक, सरळ चीर होती. जुनी इमारत, भिंती फुगतात, चिरा पडतात. तिनं पट्टी आणून लावली. चीर पट्टीपासून केसाएवढीही ढळलेली नव्हती. त्या भिंतीच्या पलीकडे काहीच नव्हतं. पाण्याचा पाइप होता आणि तीन मजले मोकळी हवा.

५

भाऊजींना तिनं बोलावलं नव्हतं. ते पुढच्या रविवारी स्वतःच आले, फोनमध्ये ताईचे फोटो असतील तर दे म्हणून. फोटो शोधता शोधता धाकटीच्या तोंडून सगळं निघालं. पोटात ठेवायला तिलाही जड झालं होतं.

भाऊजी आयुष्यभर नळजोडणीची कामं करत आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, खिडकी बघितली, दार बघितलं.

"ती आहे," ते म्हणाले. "तिचीच पाळी होती ना? तिनं दार बांधलंय. तू जुळव."

"भाऊजी, मोजून बघा. सहावा आहे."

"बरं मग?"

"ताईचा सहावा कधी सहाव्यात आला होता?"

भाऊजींनी फोन खाली ठेवला. "तुला काय गं, चुकाच दिसतात. जन्मभर तिच्या चुका काढल्यास. बिछान्यावर पडलेल्या बाईला यादी टाईप करून पाठवलीस. आता एक चूक सापडत नाही तर म्हणतेस ती ती नाही."

हे तोंडात मारल्यासारखं होतं, आणि खोटंही नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच म्हणते." आणि तिनं तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. "तिचं अक्षर ओळखता ना? वाचा. जिवंत असताना जिनं माझं ऐकलं नाही, ती मेल्यावर माझी आज्ञा पाळणार? ताई? आपली ताई?"

भाऊजींनी कागद वाचला. बोट त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून फिरवलं. पण माणसाला आशा सुटत नाही. "सुधारली असेल," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. टक. खेळात लाकडाचा ठोकळा लावला की होतो तसा. फोनला दोघांपैकी कुणाचाही हात लागलेला नव्हता.

दोघंही वाकले. पडद्यावर पॅसेज होता. खालच्या कोपऱ्यात, खेळणाऱ्याचा दिसतो तसा, त्यांच्या बाजूचा हात दिसत होता. आणि पॅसेजच्या लांबच्या टोकाला कुणीतरी पाठमोरं उभं होतं. ठोकळ्यांच्या माणसाला नाक-डोळे नसतातच म्हणा, पण अंगात लाल स्वेटर होता. ताईनं स्वतःसाठी निवडलेला.

"बघ! बघ, स्वेटर!" भाऊजी ओरडले.

धाकटी स्वेटर बघत नव्हती. तिला हात दिसत होता. त्या आकृतीनं हात उचलला आणि भिंतीच्या कोपऱ्यावर ठेवला. टक. मग कोपऱ्याशेजारच्या ठोकळ्यावर ठेवला. टक. मग तिसऱ्यावर. ती मोजत होती, आणि मोजत मोजत त्यांच्या दिशेनं येत होती. कोपऱ्यापासून.

धाकटीनं बटण दाबून फोन बंद केला.

"चालू कर," भाऊजी म्हणाले.

"नाही."

"ती येत होती गं!"

"येत होतं," धाकटी म्हणाली. "कोण ते मला माहीत नाही. पण कोपरा धरून येत होतं."

भाऊजी उठले. चपला घालताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. जाताना पॅसेजमधून गेले तेव्हा भिंतीपाशी क्षणभर रेंगाळले, आणि धाकटीची नजर तिकडे गेली. सहाव्या फरशीपाशी आता एक नाही, दोन चिरा होत्या, समांतर, मधे दाराएवढं अंतर. आणि त्या दोन्हींना जोडणारी तिसरी, आडवी चीर वरच्या अंगाला निम्मी आली होती. भाऊजींनी त्या भिंतीवर तळवा टेकवला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि मग निघून गेले.

६

ती आठवडाभर विचार करत राहिली. ऑफिसात तिच्या हातून तीन चुका सुटल्या. तेवीस वर्षांत झालं नव्हतं असं, आणि शेजारच्या टेबलावरचे टायपिस्ट तिची तब्येत विचारायला आले.

तिच्यापुढे सरळ मार्ग होते. फोन पिनला देऊन सगळं पुसून टाकायचं. पण त्यात ताईच्या उरलेल्या सहा चुकाही पुसल्या गेल्या असत्या, आणि तेवढीच ताई आता जगात शिल्लक होती. नाहीतर नुसतं गप्प बसायचं, दार जुळवायचंच नाही. पण मग पाळी त्या शिरलेल्याकडेच राहणार, आणि एकेक करून उरलेल्या सहाही दुरुस्त होणार. भिंतीतली ती वरची चीर तर रोज बोटभर पुढे सरकत होती. गुरुवारी वितभर उरली होती. शनिवारी चार बोटं.

तिनं पाइपवाल्यांना, गवंड्यांना, इमारतीच्या सेक्रेटरींना कुणालाच बोलावलं नाही. त्यांना ती काय सांगणार होती? शिवाय भांडण तिचं होतं. कागद तिनं टाईप केला होता.

रविवारी चारला ती कॉम्प्युटरसमोर बसली. फोन सुरू करून शेजारी ठेवला, नेहमी ताईचा आवाज जिथून यायचा तिथे. पॅसेज रिकामा दिसत होता. दार होतं, बंद.

"हं," धाकटी म्हणाली. "जुळवते. पाळी तुझी आहे, नियम नियम असतो. सहावा ठोकळा."

तिनं आपल्या घरातल्या पॅसेजच्या भिंतीवर बाण नेला. कोपऱ्यावर आली. कोपरा सोडला. पुढच्या ठोकळ्याला मोठ्यानं म्हणाली, "एक."

फोनमधून टक असा आवाज झाला.

"दोन. तीन." टक, टक. आवाज जवळून येत होते. पॅसेजच्या टोकाला काहीतरी लाल हललं. तिनं तिकडे बघितलं नाही. तेवीस वर्षं तिनं भोवतीच्या गोंगाटात ओळीवरचं बोट हलू दिलं नव्हतं. "चार. पाच." तिचं बोट बरोबर जागेवर होतं. "सहा."

तो सातवा ठोकळा होता. पॅसेजचा शेवट, दुसऱ्या टोकाचा कोपरा. खऱ्या घरात तिथे सिमेंटचा खांब होता, म्हणून खेळातही त्यांनी तिथे दगड रचला होता, अखंड, वरपासून खालपर्यंत. धाकटीनं त्या दगडाला दार लावलं. ते दार उघडलं तरी पलीकडे दगडच.

"जुळलं," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "तू ताई असशील, तर हे बरोबर आहे. ताईचा सहावा इथेच येतो. आणि ताई नसशील, तर माझ्याशी जुळवणी खेळायला तू कोण? तिचा स्वेटर घातलास, तर तिच्या चुकाही घालाव्या लागतील. सगळ्या. तेवीसच्या तेवीस. नाहीतर चालता हो आमच्या घरातून!"

फोन गप्प. पॅसेजमधून, खरोखरच्या पॅसेजमधून, प्लास्टर सुटल्यासारखं काहीतरी सरसरत खाली पडलं. ती उठली नाही. पाळी आता तिची होती आणि तिला काम होतं.

तिनं शुद्धिपत्रक कीबोर्डला टेकवून उभं केलं आणि ते उलटं वाचायला सुरुवात केली. जिथे 'आठच्या ऐवजी सात' लिहिलं होतं तिथे सातच्या ऐवजी आठ. बाहेरची खोली एका ठोकळ्यानं लांबवली. ओटा लांबवला. पॅसेजला मुख्य दाराकडच्या अंगाला एक ठोकळा वाढवला, तशी खिडकी आपोआप चौथ्यातून पाचव्यात गेली. आपल्या नीटनेटक्या, निर्दोष घरात तिनं बहिणीच्या तेवीस चुका स्वतःच्या हातानं घातल्या, आणि प्रत्येक चूक घालताना मोठ्यानं आकडा सांगितला, ताईच्या मोजणीचा. संपलं तेव्हा बाहेर ऊन होतं अजून. तिचा गळा बसला होता.

फोन तिनं बंद करून खणात ठेवला. पॅसेजमध्ये भिंतीकडे न बघता गेली आणि जमिनीवरचा प्लास्टरचा चुरा झाडून घेतला.

७

तो आठवडा तिनं भिंतीकडे बघितलं नाही, हे म्हणणं सोपं. पण रोज सकाळ-संध्याकाळ त्याच पॅसेजमधून जायचं आणि मान वळवायची नाही, हे करून बघा. शुक्रवारी भाऊजींचा फोन आला.

"केलंस का?" त्यांनी विचारलं.

"केलं. ताईच्या पद्धतीनं."

भाऊजी म्हणाले, "आमच्या लग्नात मंडपाच्या खुर्च्यांच्या रांगा तिनंच मोजल्या होत्या. एक रांग जास्त आली. ती शेवटपर्यंत माझ्याशी भांडायची की रांग बरोबरच होती." आणि मग फोनवर ते हसले की रडले ते धाकटीला कळलं नाही. तिलाही तेच होत होतं.

रविवारी चारला तिनं फोन काढला. ताईचं घर उघडलं. पॅसेज रिकामा होता. खिडकी पाचव्या ठोकळ्यात. सहाव्यातलं दार गेलं होतं, तिथे साधी भिंत होती. दार आता पार टोकाला, दगडात बसलेलं. धाकटीनं बोट ठेवून, कोपरा धरून, आपल्या पद्धतीनं पॅसेज मोजला. आठ. मग बाकीचं सगळं मोजलं, कागदावर खुणा करत. तेवीसच्या तेवीस चुका जागच्या जागी होत्या.

तिच्या जिवात जीव आला. हे ताईनं केलं की त्यानं हार मानून केलं, हे तिला कळलं नाही, आणि त्या क्षणी तिला त्याची पर्वाही नव्हती. घर ताईचं होतं. तिनं कागदाची घडी केली, परत कव्हरमध्ये सरकवली आणि चहा टाकायला उठली.

पॅसेजमधून जाताना तिनं आठवड्यात पहिल्यांदा भिंतीकडे नीट बघितलं. चिरा नव्हत्या. फिकट चौकोन होता, पण तो जरा पलीकडे गेल्यासारखा वाटला. ती तिथेच उभी राहिली. मग मुख्य दारापाशी परत गेली, आणि कोपऱ्यातल्या फरशीवर पाऊल ठेवून मोजत चालायला लागली. एक, दोन, तीन. याच पॅसेजमध्ये ती रांगायला शिकली होती. याच फरश्यांवर दोघी बहिणी लंगडी घालायच्या, सात उड्यांत स्वयंपाकघर. पाच, सहा, सात.

स्वयंपाकघराचं दार अजून एक पाऊल लांब होतं.

आठवी फरशी बाकीच्यांसारखीच होती. तशीच झिजलेली, तशीच मळलेली, जणू बावन्न वर्षं तिच्यावरून माणसं चालत होती. धाकटी तिच्यावर उभी राहिली आणि पायाखाली ती घट्ट लागली. शेजारी टोकाचा खांब होता, सिमेंटचा, भरीव.

खांबाच्या आतून आवाज आला. टक.

एकदाच. आणि मग वाट बघितल्यासारखी शांतता.

तेवीस वर्षं धाकटी चुका काढत आली होती, आणि एका चुकीसाठी आता ती कुणाशीही भांडायला तयार होती. तिनं चष्मा नाकावर वर सरकवला आणि खांबाच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"तो धरायचा नाही," ती म्हणाली. "कोपरा मोजायचा नाही."

आणि ती चहा टाकायला आत गेली.